चौथी खुर्ची कोणाची?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीत झालेल्या 'घर आणि आपण' या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'डायनिंग टेबल' असं सांगितलं. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. बँकेतून निवृत्त झालेला माणूस ठेवींवर बोलेल, फार तर मृत्युपत्रावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण मी गमतीने बोलत नव्हतो. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्यापैकी बहुतेकजण पन्नाशीच्या आत-बाहेर होते. पाटावर मांडी घालून बसणं ही काही अडचण नव्हती. आज आपल्या तीनही मजल्यांवर गुडघे बोलायला लागले आहेत. खाली बसलं की उठायला भिंत लागते, नाहीतर नातवाचा हात. म्हणून गेल्या काही वर्षांत घरोघरी टेबल आलं. पण खोली वाढली नाही. ती होती तेवढीच, आठ बाय दहा.

तेव्हा या आठ बाय दहाचाच हिशेब आधी मांडू. हिशेब हा माझा जुना धंदा आहे.

स्वयंपाकघर आठ फूट रुंद, दहा फूट लांब. आठ फुटांच्या भिंतीला ओटा, तो दोन फूट खोल. उरले आठ फूट. ओट्यासमोर एक बाई उभी आहे आणि तिच्या मागून दुसऱ्या माणसाला गंज घेऊन जायचं आहे, यासाठी तीन फूट हवेत. उरले पाच. आता टेबल समोरच्या भिंतीला लांबीच्या बाजूने लावायचं. टेबलाची रुंदी अडीच फूट, आणि खुर्ची मागे ओढून माणसाला उठता-बसता यावं म्हणून अडीच फूट. झाले पाच. हिशेब तंतोतंत जुळला, शिल्लक शून्य.

अडीच फूट म्हणजे नेमकं किती, हे अचलपूरच्या माणसाला सांगायला नको. मूर्तिजापूरहून पूर्वी येणाऱ्या आपल्या शकुंतलेच्या दोन रुळांमधलं अंतर अडीच फूटच होतं. ज्यांनी लहानपणी त्या रुळांमधून चालण्याची मजा केली असेल, त्यांच्या पायांना हे माप पाठ आहे. टेबलाची उंचीसुद्धा तीच असते, तीस इंच.

आता लांबी. जेवणाऱ्या माणसाला कोपर हलवायला दोन फूट लागतात. म्हणजे लांबीच्या बाजूला दोघांसाठी चार फूट. दोन्ही टोकांना एकेक खुर्ची, आणि तिथे मागून कोणी जायचं नाही, म्हणून दोन-दोन फुटांत भागतं. चार अधिक दोन अधिक दोन, आठ. भिंत आठ फुटांचीच आहे. चार माणसं बसली. ज्यांचं दार नेमकं त्याच कोपऱ्यात येतं त्यांनी एक टोक सोडावं आणि चौथ्यासाठी टेबलाखाली सरकणारं स्टूल ठेवावं. पण चौथी जागा ठेवावीच. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ही आकडेमोड मी मनाने केलेली नाही. राष्ट्रीय इमारत संहिता, म्हणजे नॅशनल बिल्डिंग कोड, असं सांगते की स्वयंपाक आणि जेवण एकाच खोलीत करायचं असेल तर ती खोली किमान ७.५ चौरस मीटर असावी आणि रुंदी किमान २.१ मीटर असावी. म्हणजे साधारण ८० चौरस फूट आणि सात फूट रुंदी. आपली खोली बरोबर तेवढी आहे. थोडक्यात, आपण गरिबीत राहत नाही. किमान मर्यादेवर राहतो. आणि किमान मर्यादेवर चूक करायला जागा नसते.

चूक कशी होते तेही पाहू. आपण दुकानात जातो. तिथे शोरूम मोठी, दिवे लखलखीत. तिथे सहा खुर्च्यांचं टेबल लहान दिसतं. पाच बाय तीन फूट. "पाहुणे आले तं?" असं घरातलं कोणीतरी म्हणतं. आणि ते टेबल घरी येतं. तीन फुटांचं टेबल म्हणजे फक्त अर्धा फूट जास्त, असं आपल्याला वाटतं. पण शिल्लक शून्य असलेल्या खात्यातून अर्धा फूट काढला तर तो कुठून येणार? तो ओट्यासमोरच्या तीन फुटांतून येतो. म्हणजे जी बाई दिवसातून चार-पाच तास तिथे उभी राहते, तिच्या वाट्याचा अर्धा फूट आपण वर्षातून चार वेळा येणाऱ्या पाहुण्याला दिला. तापलेला तवा तिच्या पुढे आणि खुर्चीची पाठ तिच्या पाठीला.

परतवाड्याच्या एका सुताराने ही गोष्ट माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितली होती. मोठ्या टेबलाची ऑर्डर द्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला तो म्हणाला, "साहेब, टेबल तं म्या बनवून देईन, पन खुर्ची वढाले जागा कुठं हाये?"

बँकेत आम्ही कर्ज देताना मार्जिन मागायचो. यंत्र लाखाचं असेल तर पूर्ण लाख मिळत नाही, काही वाटा तुमचा पाहिजे. टेबलालाही मार्जिन लागतं. त्याच्याभोवतीची रिकामी जागा हे ते मार्जिन. ती जागा नसेल तर टेबल मंजूर करू नका.

यावर साधा उपाय आहे. खरेदीपूर्वी रद्दीचे पेपर चिकटपट्टीने जोडून चार बाय अडीचचा तुकडा करा आणि जमिनीवर मांडा. मागे खुर्च्या ठेवा. दोन दिवस तसंच वावरा. फ्रिजचं दार उघडून बघा, सिलिंडर बदलून बघा. पेपरवर पाय पडतोय का ते पाहा. खर्च शून्य.

आता आकाराबद्दल. गोल टेबल दिसायला छान आणि त्याला कोपरे नाहीत, म्हणून लहान मुलांच्या कपाळालाही बरं. तीन फूट व्यासाच्या गोल टेबलावर तिघं ऐसपैस बसतात, चार जण थोडं सावरून. पण गोल टेबल भिंतीला लागत नाही, त्याला खोलीचा मध्य हवा. तो आपल्याकडे नाही. ज्यांनी हॉलमध्ये टेबल ठेवलं आहे त्यांनी गोल घ्यावं. स्वयंपाकघरात चौकोनीच, पण कोपरे घासून गोल केलेलं. भिंतीला बिजागरीवर लटकणारं, घडीचं टेबल दोन माणसांच्या घराला चांगलं. मात्र रोज उघडायचं आणि रोज मिटायचं, हा उत्साह साधारण तीन महिने टिकतो. पुढे ते उघडंच राहतं आणि त्यावर लाइटबिल, चष्मा, गोळ्यांचा डबा आणि हेल्मेट यांचा मुक्काम पडतो.

शोरूममधल्या टेबलांची मापं पुष्कळदा परदेशी ताटलीवरून आलेली असतात. आपलं ताट बारा-तेरा इंचांचं. समोरासमोर दोन ताटं ठेवली की तीस इंचांतले सव्वीस गेले, मध्ये उरले चार. त्यात वरणाचं गंज कुठे ठेवणार? भाकरीचा डबा कुठे? म्हणूनही भिंतीला लावलेलं टेबल बरं. लांबीच्या बाजूला बसलेल्यांच्या समोर कोणी नसतं, ताटापुढे सतरा इंच मोकळे राहतात. टोकाच्या दोघांची ताटं भिंतीच्या अंगाला सरकतात आणि मधोमध वरण, भाजी, भाकरी, ठेचा, सगळं हाताच्या अंतरावर येतं.

लाकडाबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? मेळघाटच्या सागवानाच्या दारात आपण राहतो. परतवाड्याच्या लाकूड डेपोचं नाव सगळ्यांना माहीत आहे. तरी एक लक्षात ठेवा. सागवान म्हटलं की सगळंच सारखं नसतं. गाभ्याचं लाकूड पिवळसर तपकिरी, तेच टिकतं. बाहेरचा पांढरट भाग कीड लवकर धरतो. आणि लाकूड पुरतं वाळलेलं हवं. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की ओल्या लाकडाच्या फळ्यांत बोट जाईल एवढी फट पडते, आणि पावसाळ्यात तेच लाकूड फुगून बसतं. पूर्ण सागवान परवडत नसेल तर पाय आणि चौकट सागवानाची आणि वरचा पाट प्लायवूडचा, सनमायका लावलेला. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे पाय मात्र घेऊ नका. आपण रोज ओला पोछा मारतो. दोन वर्षांत ते पाय खालून फुगतात. पायांना रबरी बूच लावा, खालच्या मजल्यावरच्यांची दुपारची झोप वाचते. आणि पाय नट-बोल्टने सुटे होणारे असावेत. आपला जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. जे टेबल वर चढलं नाही ते जिन्याच्या वळणावरच राहतं. सचिव मान डोलावत आहेत, याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल.

खुर्ची टेबलासोबतच बसून घ्या. बसायची जागा अठरा इंचांवर, टेबल तीस इंचांवर, म्हणजे मध्ये बारा. त्यातून पाट आणि खालची पट्टी गेली तरी मांडीला सात इंच मोकळे राहिले पाहिजेत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची खुर्ची हाताची हवी. टेकून उठता येतं. ती लांबीच्या मोकळ्या बाजूला ठेवा, टोकाच्या कोपऱ्यात नाही. त्या माणसाला जेवणाच्या मधेच उठावं लागतं, आणि सगळ्यांना उठवून जायचं तर तो पाणीच कमी पितो. हे मी माझ्या वयाच्या मित्रांबद्दल सांगतोय, हसू नका.

दिवा टेबलाच्या वर हवा, पाठीमागे नको. मोतीबिंदूच्या डोळ्यांना आपल्याच सावलीत ताट दिसत नाही. आणि आपल्या वऱ्हाडातली खास गोष्ट म्हणजे कूलर. मार्च आला की तो खिडकीत बसतो आणि पावसापर्यंत हलत नाही. टेबल त्याच्या झोतात ठेवलं तर भाकरी ताटातच कडक होते आणि पापड तळल्या-तळल्या मऊ पडतो. झोत माणसाच्या पाठीवर यावा, ताटावर नाही. हे हिवाळ्यात टेबल घेताना कोणाच्या लक्षात येत नाही.

आता त्या चौथ्या जागेकडे येतो.

पंगतीचा मी विरोधक नाही. महालक्ष्म्यांचं जेवण खाली बसूनच व्हावं आणि ज्यांचे गुडघे साथ देतात त्यांनी रोज खुशाल पाटावर बसावं. पण पंगतीचा एक नियम आपण नकळत टेबलावर आणला. वाढणारी शेवटी जेवेल. तव्यावरची गरम भाकरी एकेकाच्या ताटात पडत राहते आणि भाकरी करणारी बाई सगळे उठल्यावर, पुसलेल्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर, उरलेली भाजी घेऊन बसते. आमच्या पिढीच्या घराघरांतून हेच ऐकू येतं, "मी कायले बसू आता? तुमी जेवा, मले कुठं घाई हाये!" तिला घाई नसते हे खरं. पण तिला भूक असते. आपल्या वयात तर औषधाच्या वेळाही असतात. साखरेची गोळी घेतलेल्या बाईने दीड वाजेपर्यंत दुसऱ्यांना वाढत राहायचं, हे बरोबर नाही.

पाटावरून उठून वाढणं, पुन्हा बसणं, हे तिला जमत नव्हतं म्हणून ती शेवटी बसायची, असं आपण धरू. मग टेबल आल्यावर ते कारण संपलं. ओटा हाताच्या अंतरावर आहे. भाकरी करून डब्यात फडक्यात गुंडाळून ठेवल्या तर ऊन राहतात. वरण-भाजी टेबलावर आहे, ज्याने त्याने आपल्या हाताने घ्यावं. ओट्याच्या जवळची, उठायला मोकळी खुर्ची तिची. चार माणसांच्या घरात चार खुर्च्या, चार ताटं, आणि सगळे एकाच वेळी बसलेले. टेबल विकत घेण्याचं एवढं एकच चांगलं कारण मला दिसतं. ते होत नसेल तर ते टेबल म्हणजे पसारा ठेवायचं एक उंच फडताळ आहे.

म्हणून टेबल निवडताना पाहुणे मोजू नका. रोज जेवणारी माणसं मोजा आणि मोजताना स्वयंपाक करणारीला धरून मोजा. ज्यांच्याकडे सहा जण आहेत त्यांनी भिंतीच्या टेबलाला जोडता येईल अशी फळी करून घ्यावी. पाहुणे आले तर टेबल हॉलमध्ये ओढावं, खुर्च्या शेजारून आणाव्यात. शेजारी कशाला आहेत? पंचवीस वर्षांत या सोसायटीत खुर्ची मागायला आलेल्या माणसाला कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

बाकी दिवसभर त्या टेबलाचा वापर करा. नातवाचा अभ्यास होऊ द्या, मेथी निवडा, एप्रिलमध्ये बँकेचा फॉर्म भरा, नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याची कागदपत्रं लावा. लहान घरात एका वस्तूने चार कामं करायलाच हवीत. फक्त जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी ते रिकामं झालं पाहिजे, आणि रिकामं करायचं काम वाढणारीचं नाही, जेवणाऱ्यांचं. हा ठराव आपण आज सर्वसाधारण सभेसारखा मांडू. सूचक मी आहे. अनुमोदक भगिनींकडून भरपूर मिळतील, असं समोरच्या चेहऱ्यांवरून दिसतंय. विरोधात कोणी असेल तर त्याने हात वर करावा, आणि संध्याकाळी घरी जाऊन कारण सांगावं.