रोग्याला ‘त्रास’ विचारणार कोण?

(नागरिकांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाविषयी बोलण्यास आम्ही उभे राहिलो याचे आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटले असेल. आम्ही वैद्य नव्हे. औषध कोणते घ्यावे, शस्त्रक्रिया कोठे करावी, हे सांगण्याचा अधिकार पुढच्या रांगेत बसलेल्या डॉक्टरमंडळींचा आहे. आम्ही बोलणार आहो ते या रोग्याच्या अशा एका दुखण्याविषयी, की जे क्ष-किरणांच्या चित्रात उमटत नाही आणि विचारल्यावाचून कोणी सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका विणकर कुटुंबातील बाईंना स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया चांगली झाली. पुढे किरणोपचार सांगितले. आठवड्याचे पाच दिवस, असे पाच आठवडे. अकरा दिवस त्या गेल्या आणि नंतर गेल्याच नाहीत. ‘रोगी आला नाही’ एवढीच नोंद रुग्णालयाच्या कागदावर झाली. आम्ही घरी गेलो तेव्हा कारण कळले. नवरा सोबत गेला की माग बंद, आणि माग बंद की मजुरी बंद. धाकटी मुलगी ज्या शेजारणीपाशी राहत असे ती माहेरी गेली होती. “हे तुम्ही डॉक्टरांना सांगितलेत का?” असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “अहो, ते विचारायचे, कसं आहे? मी म्हणायची, बरं आहे. एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या पोरीचं काय सांगायचं?”

हे केवळ आपल्याच गरीब देशात घडते असे मात्र समजू नका. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांना एक प्रश्न विचारण्यात आला होता: कर्करोग झाल्याचे तुम्ही रोग्यास सांगता काय? नव्वद टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सत्त्याण्णव टक्क्यांचा कल सांगण्याकडे झाला. अठरा वर्षांत एवढा पालट! रोगाचे नाव उच्चारता येऊ लागले, तेव्हाच रोग्याच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची वाट मोकळी झाली.

ती वाट रुंद केली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ डॉ. जिमी हॉलंड या बाईंनी. १९७७ साली त्यांनी तेथे कर्करुग्णांच्या मनाची काळजी वाहणारा स्वतंत्र विभाग उभा केला. १९८३ साली तीन केंद्रांतील २१५ रोग्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सत्तेचाळीस टक्के लोकांना मनोविकार म्हणावा इतका क्लेश असल्याचे तीत आढळले. त्यांतील बहुतेक वेडे नव्हते. कोसळलेल्या संकटाशी जुळवून घेताना ते मोडकळीस आले होते. परंतु ‘मनोविकार’ हा शब्द उच्चारताच माणूस दार लावून घेतो. म्हणून १९९७ साली अमेरिकेतील प्रमुख कर्करोग केंद्रांच्या संघाने हॉलंडबाईंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तिने मुद्दाम साधा शब्द निवडला. आपल्या भाषेत त्याला ‘त्रास’ म्हणावे. त्रास आहे असे सांगण्यात कोणालाच लाज वाटत नाही.

साधनही तितकेच साधे. कागदावर तापमापकाचे चित्र. तळाशी शून्य, माथ्यावर दहा. गेल्या आठवड्यात, आजचा दिवस धरून, त्रास किती झाला त्या आकड्याभोवती रोग्याने वर्तुळ काढावयाचे. शेजारी एक यादी: मुलांची सोय, राहण्याची जागा, पैसा, येण्याजाण्याचे वाहन, नोकरी, मग घरची माणसे, भीती, उदासी, देवाधर्माविषयीची शंका, झोप, वेदना. आकडा चार वा अधिक आला की रोग्याशी कोणी तरी बसून बोलावयाचे, आणि गरजेप्रमाणे समाजसेवक, मानसतज्ज्ञ वा धर्मोपदेशक यांच्याकडे त्यास पाठवावयाचे. हा कागद रडणाऱ्याला तेवढा द्यावयाचा नसतो, सर्वांस द्यावयाचा असतो, हे आम्हांस विशेष मोलाचे वाटते. कारण ‘बरं आहे’ म्हणणाराच पुष्कळदा सर्वांत अडलेला असतो. आणि त्या यादीत गाडीभाड्याला मृत्यूच्या भयाशेजारी जागा आहे, हेही लक्षात घ्या.

कागद भरला म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत हाच तापमापक आणि हीच यादी वापरूनही रोग्यांच्या मनःस्थितीत फरक पडल्याचे दिसले नाही. आम्ही त्याचा अर्थ असा घेतो की, विचारणे हे एक प्रकारचे कर्ज आहे. विचारणाऱ्यामागे धावून जाणारा कोणी नसेल, तर आकडा फायलीत पडून राहतो. आणखी एक गोष्ट. तो कागद रोग्याच्या मातृभाषेत हवा. परभाषेत माणूस पोट दुखते हे सांगू शकेल. ‘जीव लागत नाही’ हे सांगू शकणार नाही. हे या गावात आम्ही अधिक सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे त्रासाचा व्यवहारी भाग ओळखणारे लोक झाले नाहीत असे नाही. १९४१ साली परळला टाटा रुग्णालय सुरू झाले. तेव्हापासून आपल्या भागातील किती घरांनी ती वाट तुडवली असेल! तेथे पदपथावर पथारी टाकलेले नातलग आपणांपैकी काहींनी पाहिले असतील, काही स्वतः तेथे निजले असतील. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशांना आसरा देते. पण धर्मशाळा आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ते सांगणार कोण? त्याला आधी ‘उतरलात कोठे?’ असे विचारावे लागते.

आणि आपली घरे! रोग्यापासून रोगाचे नाव लपविण्यात आपण प्रेम मानतो. ज्याला नावच सांगितले नाही, त्याला भय किती वाटते हे कसे विचारणार? त्याला बहुधा सारे कळलेले असते. बोलावयास तेवढे कोणी उरत नाही.

त्या बाईंच्या घरी आम्ही दिनदर्शिकेच्या कोऱ्या पाठीवर तो तापमापक काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोट आठावर ठेवले. कशाचा त्रास, असे विचारले. पहिली मुलगी सांगितली, दुसरी मजुरी. रोग तिसरा आला. मुलीची सोय त्याच संध्याकाळी आळीतल्या दोन घरांनी वाटून घेतली. मजुरीचा प्रश्न पुरता सुटला नाही. थोडे पैसे जमले, थोडे कर्ज झाले. सव्वा महिन्याचा खंड पडून उपचार पुन्हा सुरू झाले. असा खंड भरून निघत नाही, असे डॉक्टर म्हणाले. बाई आज चालत्याफिरत्या आहेत, आणि दर तीन महिन्यांनी तपासणीस जातात.