यश कोणत्या मापाने मोजावे?

मुलास सरकारी नोकरी लागली की घराला यश आले, असे आपण सहज म्हणतो. पगार हवाच, उपाशी पोटाला उपदेश कोण करील? परंतु हे माप आपण कोणाकडून उसने घेतले? पूज्य बाबासाहेबांनी १९५१ साली, मुख्यतः हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर, मंत्रिपद सोडले. १९५२ साली मुंबईत व १९५४ साली भंडाऱ्यात ते लोकसभेची निवडणूक हरले. पदाच्या मापाने ही अपयशेच! मात्र १९५० साली त्यांनी औरंगाबादेत उघडलेल्या महाविद्यालयात त्याच काळात मराठवाड्यातील आपली मुले शिकत होती. आपल्या घराचे माप आपणच ठरवावयाचे आहे. थोरल्याच्या पगारातून धाकट्या बहिणीची फी भरली जाते काय, हे आज घरी विचारून पाहावे.