कॉमिट कुठे करायचं?



फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली आणि पायथन शिकलो साठीनंतर. त्यामुळे आज सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी, ठेच लागून कळलेलं जास्त.

मी सिकंदराबादला राहतो. आम्हा माजी सैनिकांच्या एका छोट्या गटाची जुनी रजिस्टरं मी संगणकावर घेतली. सुमारे बारा हजार ओळी एसक्यूलाइटमध्ये भरायच्या होत्या. लूप लिहिला: एक ओळ वाचा, इन्सर्ट करा, कॉमिट करा. संगणक जुना, फिरत्या डिस्कचा. चहा झाला, पेपर वाचून झाला, तरी प्रोग्राम चालूच!

दोष एसक्यूलाइटचा नव्हता. साध्या डेस्कटॉपवर ते सेकंदाला पन्नास हजार इन्सर्ट सहज करतं. पण कॉमिट होतात सेकंदाला फक्त काही डझन. कारण प्रत्येक कॉमिटला ते डिस्ककडून 'माहिती खरोखर लिहिली गेली' याची खात्री करून घेतं, आणि तोवर थांबतं. मिनिटाला 7,200 फेऱ्या घेणारी डिस्क सेकंदाला 120 फेऱ्या घेते. एका कॉमिटला दोन फेऱ्या धरल्या, तर सेकंदाला साठच कॉमिट होतात.

युनिटचं गेट आठवा. तीस जवान तीस गाड्यांतून आले, तर संत्री तीस वेळा गाडी थांबवून तीस नोंदी करणार. तेच तीस जण एका ट्रकमधून आले, तर गेटवर थांबणं एकदाच.

मी एवढंच केलं, की कॉमिटची ओळ लूपच्या बाहेर, शेवटी नेली. पायथनचं एसक्यूलाइट मॉड्यूल पहिल्या इन्सर्टआधी ट्रान्झॅक्शन आपोआप उघडतं. आपण ते शेवटी एकदा बंद करायचं. बारा हजार ओळी पापणी लवेपर्यंत आत. लूपऐवजी एक्झिक्यूटमेनी वापरलं तर कोडही आटोपशीर होतो.

इथवर मी खूश होतो. पण ट्रान्झॅक्शनचा खरा अर्थ मला नंतर कळला.

आमच्यातले एक सुभेदारसाहेब वारले. त्यांचं नाव सभासदांच्या टेबलमधून काढायचं आणि वहिनींचं नाव कुटुंबांच्या टेबलमध्ये घालायचं, असं काम होतं. माझ्या कोडमध्ये डिलीटनंतर एक कॉमिट आणि इन्सर्टनंतर दुसरं. नेमकी मधेच वीज गेली. नाव या यादीत नाही, त्या यादीतही नाही. भेटीला कोणाकडे जायचं हे आम्ही याद्या पाहून ठरवतो. तीन महिने त्यांच्या घरी कोणीच गेलं नाही. शेवटी त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, "साहेब, आमचं नाव कापलं का?"

काय उत्तर देणार? चूक माझी होती. त्याच दिवशी घरी जाऊन माफी मागितली.

रात्री कोड बदलला. डिलीट आणि इन्सर्ट आता एकाच 'विथ कनेक्शन' ब्लॉकमध्ये आहेत. दोन्ही झालं तर कॉमिट. मधे एरर आली तर रोलबॅक, सगळं पूर्ववत. वीज गेली तरी फाइल पुन्हा उघडताना एसक्यूलाइट अर्धवट काम मागे घेतं. एक लक्षात ठेवा: हा ब्लॉक कनेक्शन बंद करत नाही, ते आपण वेगळं करायचं.

आणखी दोन सूचना. वेगासाठी 'सिंक्रोनस ऑफ' करा, असा सल्ला मिळेल. त्यात डिस्कची खात्री करणंच बंद होतं. वीज गेली तर फाइल बिघडू शकते. नोंदी जपायच्या असतील तर त्या वाटेला जाऊ नका. दुसरं, एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. इतरांनाही लिहायचं असेल, तर हजार-हजार ओळींच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीनंतर कॉमिट करा.

आज घरी गेल्यावर आपला कोड उघडा आणि प्रत्येक कॉमिटपाशी विचारा: इथेच वीज गेली, तर यादीत कोण राहील आणि कोण सुटेल?

जय हिंद.