फोटोतली मोटार



आमच्या घरी एक जुना कृष्णधवल फोटो आहे. त्यात काळी टोपी घातलेले आजोबा एका मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे आहेत. शेजारी नऊवारीतली आजी, तिच्या कडेवर अंगडं-टोपडं घातलेलं बाळ. मडगार्डाच्या आड अर्धवट दिसणारा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा, तो शेजारच्यांचा, असं आम्ही धरून चाललो होतो. फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत कुणीतरी लिहिलंय, ‘१९३९’. माझ्या वडिलांचा जन्म १९३९चा. तेव्हा कडेवरचं बाळ म्हणजे आमचे बाबा, हे ठरूनच गेलं होतं.

हा समज मोडला तो त्या मोटारीने.

फोटो चांगला छापून घ्यावा म्हणून मी तो पिशवीत घालून निघाले होते. वाटेत आमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये थांबले आणि तिथल्या वयस्क मिस्त्रींना सहज दाखवला. त्यांनी हात पुसले, भिंग मागवलं आणि बराच वेळ नुसती गाडीच पाहत राहिले. मग म्हणाले, “ताई, ही एकोणचाळीस सालची गाडी नाही. ही मॉरिस मायनर. ही तर जन्मालाच आली अठ्ठेचाळीस साली.”

त्यांनी मला दोन खुणा दाखवल्या. पहिली दिव्यांची. दोन्ही दिवे मडगार्डावर नव्हते, खाली पुढच्या जाळीतच बसवलेले होते. मायनरचे दिवे १९५०-५१च्या सुमारास वर मडगार्डावर गेले, म्हणजे ही अगदी सुरुवातीची गाडी. दुसरी खूण बंपरची. बंपरच्या बरोबर मध्यावर एक जोडतुकडा दिसत होता. ही गाडी अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी घडवली. नमुना तयार झाल्यावर त्यांना ती अरुंद वाटली. त्यांनी ती मधोमध कापायला लावली आणि दोन्ही भाग डोळ्यांना बरे दिसेपर्यंत लांब सरकवले. गाडी चार इंचांनी रुंद झाली. पण तोवर बंपर बनून पडले होते. मग तेही कापले आणि मध्ये तुकडा जोडला. इंग्लंडातल्या कारखान्यात केलेली ती जोड आमच्या अंगणातल्या फोटोत मला स्पष्ट दिसत होती.

त्या दिवसापासून जुन्या फोटोंमध्ये मी माणसांच्या आधी मोटार पाहते. श्रोतेहो, तुमच्याही ट्रंकेत असे फोटो असतील. ते कसे वाचायचे, ते थोडं सांगते.

आधी पुढचा भाग पाहा. रेडिएटरची चौकट चकचकीत पितळी असेल, चाकांना लाकडी आरे असतील आणि गाडी फोर्डची मॉडेल टी असेल, तर ती १९१६ पर्यंतची. त्यानंतर ती चौकट काळी झाली. १९२०-३०च्या दशकांतल्या गाड्यांना वाडग्यासारखे सुटे दिवे, दाराखाली लांब फुटबोर्ड आणि बाजूला किंवा मागे बांधलेली स्टेपनी. पुढे दिवे हळूहळू मडगार्डात शिरले, फुटबोर्ड आक्रसत नाहीसा झाला, गाडीचे कोपरे गोलावले. अमेरिकेत तर महायुद्धामुळे फेब्रुवारी १९४२ ते १९४५ या काळात साध्या गिऱ्हाइकांसाठी मोटारी बनवणंच बंद होतं. म्हणून त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं अमेरिकी मॉडेल कुणी सांगितलं, तर पुन्हा नीट पाहावं.

मुंबईकडच्या फोटोंत शेवरोले वारंवार दिसते, त्यालाही कारण आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला गाड्या बनवायला घेतल्या. तिथून १९५४च्या सुमारास जी गुबगुबीत फियाट बाहेर पडली, तिला आपल्या लोकांनी लाडाने नाव दिलं ‘डुक्कर फियाट’. तिची पुढची दारं उलटी उघडत, बिजागरी मागच्या बाजूला. फोटोत दार उघडं असेल, तर तेवढ्यावरून ती ओळखू येते.

नंबरप्लेट वाचता आली तर भाग्यच. ‘बी.एम.’ने सुरू होणारा नंबर जुन्या मुंबई राज्याची आठवण देतो. ‘एम.एच.’ आणि पुढे आकडे ही पद्धत १९८९ पासूनची. आमच्या फोटोत मात्र नेमकी ती पाटी वाचता येत नव्हती.

कधी स्टिअरिंग डावीकडे दिसतं आणि आपण चक्रावतो. अशा वेळी बाईच्या पदराकडे पाहावं. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावर असतो. तो उजव्या खांद्यावर दिसला, तर गाडी परदेशातली नाही, फोटोच उलटा छापला गेलाय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मोटार तुम्हाला फोटोचं साल सांगत नाही. हा फोटो अमुक सालाच्या आधीचा असूच शकत नाही, एवढंच ती ठामपणे सांगते. आपल्याकडे गाड्या टाकून देत नसत. १९५३-५४ नंतर परदेशी कंपन्यांनी इथलं काम आवरलं, नवी गाडी मिळणं अवघड झालं आणि असलेली गाडी लोकांनी वीस-वीस, तीस-तीस वर्षं जपून चालवली. पस्तीस सालची गाडी साठ सालच्या लग्नात फुलांनी सजून उभी असू शकते. गाडीने हद्द आखून दिली, की तिच्या आतला शोध माणसांच्या चेहऱ्यांवरून, वयांवरून, घरातल्या आठवणींवरूनच घ्यावा लागतो.

तो घ्यायला मी आत्याकडे गेले. आत्या बाबांहून मोठी, आता नव्वदीला टेकलेली. फोटो तिच्या हातात दिला आणि विचारलं, “आत्या, हा अठ्ठेचाळीसनंतरचा आहे. मग हे बाळ कोण गं?”

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. आधी बोट ठेवलं ते मडगार्डाआडच्या मुलावर. “हा काय तुझा बाप. गाडीवरचा हात काढेना, म्हणून तुझे आजोबा ओरडले होते त्याला.” शेजारचा मुलगा म्हणून ज्याच्याकडे आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं, ते आमचे बाबा होते.

मग तिचं बोट बाळावर आलं आणि तिथेच थांबलं. ते सगळ्यांत धाकटं भावंड. त्याच्या बारशाला गावचे डॉक्टर आपली नवी गाडी घेऊन आले होते. फोटोग्राफर होताच, म्हणून सगळे गाडीपाशी उभे राहिले. ती स्वतः रुसून घरात बसली होती, म्हणून फोटोत नाही. पुढे दीड वर्षाचं असताना ते बाळ विषमज्वराने गेलं. त्यानंतर आजीपुढे त्याचा विषय कुणी काढला नाही. न काढता न काढता घर त्याला विसरलं, आणि त्याच्या जागी फोटोत माझे बाबा येऊन बसले.

आत्याने त्याचं नाव सांगितलं. आमच्या घरात ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते.

श्रोतेहो, मोटारीचं मॉडेल कधीही शोधता येईल. तिची माहिती जगात कुठे ना कुठे छापलेली आहे. गाडीशेजारी उभ्या असलेल्या माणसांची माहिती मात्र तुमच्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या डोळ्यांतच आहे. म्हणून आज फोटो काढा, त्यांच्यापाशी बसा आणि हवं तर गाडीपासूनच विचारायला सुरुवात करा. गाडीवर बोलताना माणसं मोकळी होतात.

आमच्या फोटोवरचं ‘१९३९’ मी खोडलं नाही. कुणीतरी मनापासून केलेला तो अंदाज होता. त्याच्याखाली मऊ पेन्सिलीने, कागद दाबला जाणार नाही अशा बेताने, मी चार नावं लिहिली आहेत. चौथं नाव माझ्या धाकट्या काकांचं आहे.