चुकारा येईपर्यंत



वेचणीची मजुरी बाजाराच्या दिवशी रोख द्यावी लागते. कापसाचा चुकारा मागाहून येतो. या मधल्या दिवसांतच आपण लुटले जातो. सावकाराकडे गेलो, तर महिना शेकडा ५ दराने १०,००० रुपयांवर तीन महिन्यांचे व्याज १,५००. नाहीतर नवी ज्वारी पडेल त्या भावात विकायची.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. ज्वारी बाजार समितीच्या गोदामात ठेवा, वर्षाला ६ टक्क्यांनी ६ महिन्यांपर्यंत उचल घ्या. तेवढ्याच रकमेवर तीन महिन्यांचे व्याज होते १५०.

तुमची समिती योजना राबवत नसेल, तर सभापतींना जाब विचारा. घाई पैशाची आहे, माल विकायची नाही.