हृदयाच्या पिशवीचा कॅन्सर आणि राहून गेलेला एक प्रश्न

(भागाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज ज्या आजाराबद्दल बोलायचंय, त्याचं नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. कित्येक डॉक्टरांच्या अख्ख्या नोकरीत त्याचा एकही रुग्ण येत नाही. नाव आहे पेरिकार्डियल मेसोथेलिओमा, म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणाचा कॅन्सर.

आता तुम्ही म्हणाल, इतक्या दुर्मीळ रोगावर भंडारा जिल्ह्यातल्या लोकांनी अर्धा तास का द्यावा? सांगतो. हा रोग ओळखायला जो एक प्रश्न उपयोगी पडतो, तो प्रश्न आपल्या दवाखान्यांत साध्या दम्या-खोकल्याच्या माणसालाही क्वचितच विचारला जातो. प्रश्न असा: "काकाजी, तुम्ही आयुष्यभर काम काय केलं?"

आधी हृदयाची रचना समजून घेऊ. आपलं हृदय एका दुपदरी पिशवीत असतं. या पिशवीला हृदयावरण म्हणतात. दोन पदरांच्या मध्ये थोडंसं पाणी असतं, साधारण १५ ते ५० मिलिलिटर. म्हणजे दोन-चार चमचे. ते वंगणासारखं काम करतं. हृदय दिवसाला लाखभर वेळा आकुंचन पावतं, तरी घर्षण होत नाही, ते या पाण्यामुळे. पिशवीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला मेसोथेलियम म्हणतात. असाच थर फुप्फुसांभोवती असतो, पोटाच्या आतही असतो. या थराचा कॅन्सर म्हणजे मेसोथेलिओमा. बहुतेक वेळा तो फुप्फुसाच्या आवरणाला होतो, त्यापेक्षा कमी वेळा पोटातल्या. हृदयाच्या पिशवीत सुरू होणारे रुग्ण एकूण मेसोथेलिओमाच्या शंभरात जेमतेम एक.

हा कॅन्सर झाला की पिशवीत पाणी साठतं, किंवा पिशवी जाड आणि कडक होते. हृदयाला फुलायला जागा उरत नाही. माणूस काय तक्रार घेऊन येतो? चालताना धाप लागते. रात्री उताणं झोपवत नाही. पाय सुजतात, पोट फुगतं, छातीत दुखतं. "आंगात ताकदच नाही जी." यातलं एकही लक्षण फक्त या रोगाचं नाही, आणि खरी अडचण इथेच आहे.

आपल्या भागात हृदयाच्या पिशवीत पाणी सापडलं की डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं क्षयरोगाचं. ते बरोबरच आहे. भारतात या तक्रारीमागे टीबी फार मोठ्या प्रमाणात असतो आणि तो औषधांनी बरा होतो. म्हणून हा भाग ऐकून कुणी टीबीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे पुन्हा सांगतो: बंद करू नका.

पण टीबीचं औषध लागू पडत असेल तर काही आठवड्यांत फरक दिसायला लागतो. ताप उतरतो, भूक लागते, पाणी कमी होतं. तसं झालं नाही, पाणी काढल्यावर पुन्हा भरलं, पाण्यात रक्त दिसलं, किंवा सीटी स्कॅन, एमआरआयमध्ये पिशवी जाड आणि गाठाळ दिसली, तर थांबून विचार करायला हवा. डॉक्टरांना विचारा: "साहेब, दुसरं काही असू शकते का? तुकडा तपासायचा का?"

तुकडा, म्हणजे बायोप्सी. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. नुसत्या पाण्याच्या तपासणीत हा कॅन्सर बऱ्याचदा सापडत नाही. "पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत" असा रिपोर्ट आला म्हणजे कॅन्सर नाहीच, असं होत नाही. आवरणाचा तुकडा काढून त्यावर खास रंगांच्या चाचण्या कराव्या लागतात. त्यांतून कळतं की पेशी आवरणाच्याच आहेत की फुप्फुसाचा किंवा दुसरा कॅन्सर तिथे पसरलाय. पसरून आलेला कॅन्सर या पिशवीत खूप जास्त वेळा आढळतो. या तपासण्यांसाठी भंडाऱ्याहून नागपूर गाठावं लागतं, साठेक किलोमीटर. जाताना जुने एक्स-रे, सोनोग्राफी, इको, सगळे कागद सोबत न्या.

आता अॅस्बेस्टॉसकडे येऊ. हे एक खनिज आहे, दगडातून निघणारे तंतू. जळत नाही, सडत नाही, स्वस्त आहे. म्हणून विसाव्या शतकात ते सगळीकडे वापरलं गेलं: सिमेंटच्या पत्र्यांत, पाइपांत, गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये, बॉयलर आणि वाफेच्या नळ्यांवरच्या वेष्टणात, दोऱ्यांत, गॅस्केटमध्ये. त्याचे तंतू इतके बारीक सुटतात की डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत. १९६० साली जे. सी. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या अॅस्बेस्टॉस खाणींच्या भागातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण जगासमोर मांडले. त्यांतले काही खाणीत कधीच उतरले नव्हते, फक्त त्या परिसरात राहिले होते. त्या शोधनिबंधानंतर हा संबंध नाकारणं अवघड झालं.

इथे प्रामाणिकपणे एक सांगायला हवं. फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमात अॅस्बेस्टॉसचा संबंध अगदी पक्का आहे. हृदयाच्या पिशवीच्या बाबतीत तो तितका ठळक नाही. काही रुग्णांच्या आयुष्यात अॅस्बेस्टॉस सापडतं, काहींच्या नाही. पण ज्यांना विचारलंच नाही, त्यांच्याबद्दल काय बोलणार?

आणि विचारायचं ते आजच्या कामाबद्दल नाही. धूळ छातीत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस, तीस, चाळीस वर्षं जातात. आज पासष्टीचा माणूस तुमसर, लाखनी, पवनीतल्या आपल्या गावी धानाची शेती करत असतो. केसपेपरवर "व्यवसाय: शेती" असं लिहिलं जातं. पण पंचविसाव्या वर्षी तो मुंबईला कारखान्यात होता का? वीज केंद्रात नळ्यांची वेष्टणं काढायचा का? गॅरेजात ब्रेक घासायचा का? उकड्या तांदळाच्या गिरणीत बॉयलरवर होता का? केसपेपरवर यातलं काहीच येत नाही.

मुंबईत घाटकोपरला एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी झाली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. सुमारे २२ टक्के कामगारांना अॅस्बेस्टॉसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुसं कडक होण्याचा रोग होता. कुणीतरी मुद्दाम शोधायला गेलं, म्हणून तो सापडला.

बायकांनाही विचारा. नवऱ्याचे धुळीचे कपडे घरी झटकून धुणाऱ्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. त्या बाईच्या कागदावर "गृहिणी" एवढंच लिहिलेलं असतं.

हा प्रश्न तसा जुना आहे. बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटलीच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात तो वैद्यांना सांगतो की रुग्णाला बाकीचं सगळं विचाराल, त्यात त्याचा धंदाही विचारा. सव्वातीनशे वर्षं झाली.

या उत्तरावर पैसेही अवलंबून आहेत. अॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे आपल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. अॅस्बेस्टॉस उद्योगाने कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा येईल तोपर्यंत जपायच्या, असाही आदेश दिला. पण कामाचा पुरावाच नसेल तर हा कायदा कुटुंबाच्या उपयोगी कसा पडणार?

उपचारांबद्दल खोटी आशा दाखवत नाही. पाणी काढून धाप कमी करता येते, काहींमध्ये पिशवी शस्त्रक्रियेने काढतात, केमोथेरपी देतात. तरीही निदानानंतर बहुतेक रुग्णांच्या हाती काही महिनेच असतात. म्हणूनच ते महिने चुकीच्या औषधांत जाऊ नयेत.

आता घरच्या छपराविषयी, कारण हे विचारणारे फोन नक्की येतील. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात साधारण दहा टक्क्यांच्या आसपास अॅस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट. धडधाकट पत्र्याखाली झोपणं आणि कारखान्यात धूळ खाणं यांत फार फरक आहे, घाबरू नका. धोका आहे कापण्यात, भोकं पाडण्यात, फोडण्यात आणि कोरडं घासण्यात. वादळात पत्रा फुटला तर तुकडे आधी पाण्याने भिजवा, मग उचला. ग्राइंडर लावू नका. कोरड्या झाडूने झाडू नका. शेवाळ खरवडू नका. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू अडत नाहीत, पी-१०० फिल्टरचा मास्क घ्या. लेकरांना लांब ठेवा, आणि तुकड्यांचा चुरा अंगणात भरावाला टाकू नका. जगातल्या साठहून जास्त देशांनी अॅस्बेस्टॉसवर बंदी घातली आहे. आपल्याकडे खाणकामाचे नवे पट्टे १९८६ पासून बंद झाले, पण परदेशातून आणून वापरणं अजून सुरू आहे.

शेवटी एक काम देतो. आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कागद घ्या. कोणत्या वर्षी, कुठे, काय काम केलं, धूळ कसली होती, सोबत कोण होतं, हे क्रमाने लिहा. जुनं ओळखपत्र, पगाराची पावती, पीएफचा किंवा ईएसआयचा नंबर सापडला तर त्याला टाचून ठेवा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना हा कागद रिपोर्टांच्या सगळ्यात वर ठेवा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी तुम्ही दाखवा.