डॉट आयओ आणि रिकामी केलेली बेटं

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे 'डॉट आयओ'वाल्या वेबसाइट्स रोज बघतो. मला वाटायचं, आयओ म्हणजे इनपुट-आउटपुट. पण तो एका जागेचा कोड आहे: ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी, म्हणजे चागोस बेटं.

मालदीवच्या दक्षिणेला, हिंदी महासागरात साठेक छोटी प्रवाळ बेटं. सगळी जमीन मिळून जेमतेम ६० चौरस किलोमीटर. सगळ्यात मोठं दिएगो गार्सिया, तिथे अमेरिकेचा लष्करी तळ आहे. बाकीची बेटं ओसाड.

नकाशा बघून वाटतं, एवढ्या लांब कोण राहणार? पण लोक राहत होते! फ्रेंचांनी गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, नारळाच्या बागांत काम करणारे. १९६५ साली ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ ते १९७३ या काळात सगळ्यांना मॉरिशस नि सेशेल्सला हलवलं. तळापासून दोनशे किलोमीटरवरची बेटंसुद्धा रिकामी केली.

२०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ही तोडणी कायद्याला धरून नव्हती. मे २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या: बेटं मॉरिशसची, तळ ९९ वर्षं भाड्याने. पण अनेक चागोसवासी म्हणतात, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

म्हणून नकाशावर 'निर्मनुष्य' वाचलं, की आता मी आधी शोधतो, तिथे पूर्वी कोण राहायचं. तुम्हीही शोधा. भेटू पुढच्या भागात!